उचलणे आणि उचल : ‘सबनॉटिका’ या सागरी खेळाच्या भाषेविषयी

‘सबनॉटिका’ या खेळाची गणना सामान्यतः ‘तगून राहण्याचे खेळ’ या वर्गात केली जाते. ‘तगणे’ हे क्रियापद मराठीत माणसापेक्षा पिकाला आणि जनावराला अधिक लावले जाते. पाऊस ओढ देतो तेव्हा बाजरी तगली काय, चाऱ्यावाचून बैल तगले काय, असे विचारतात. माणसाविषयी तोच प्रश्न विचारला तर त्यात किंचित अवमान तरी असतो, नाही तर फार मोठी कणव. या वर्गाला इंग्रजीत जो शब्द रूढ आहे त्यात विजयाचा सूक्ष्म ध्वनी आहे. तगण्यात तो नाही. जो तगतो तो पुढच्या हंगामापर्यंत पोचतो, एवढेच. खेळाच्या परीक्षणास आरंभ करण्यापूर्वी हा भेद ध्यानी ठेवणे इष्ट होय. कारण या खेळाचा अखेरचा प्रसंग विजयाचा मानावयाचा की तगण्याचा, यावर त्याचे बरेचसे मूल्यमापन अवलंबून आहे.

अमेरिकेतील ‘अननोन वर्ल्ड्स’ या संस्थेने हा खेळ घडविला. अपूर्णावस्थेत तो २०१४ च्या डिसेंबरात खेळणाऱ्यांच्या हाती आला, आणि पूर्ण स्वरूपात २०१८ च्या जानेवारीत. चार्ली क्लीव्हलंड हे त्याचे दिग्दर्शक. कथानक थोडक्यात असे : ‘ऑरोरा’ नावाचे अवाढव्य अंतराळयान ४५४६ बी या, जवळजवळ सर्वस्वी समुद्राने व्यापलेल्या ग्रहावर कोसळते. रायली रॉबिन्सन हा यानावरील दुय्यम यंत्रणांची देखभाल करणारा कर्मचारी एका लहानशा जीवरक्षक कुपीतून पाण्यावर तरंगत राहतो. यान ‘अल्टेरा’ या व्यापारी महामंडळाचे. कुपीमध्ये कच्च्या मालापासून वस्तू घडविणारे एक यंत्र आहे आणि नायकाच्या हाती एक बोलकी टिपणवही आहे. उरलेले सर्व समुद्राच्या तळातून आणावयाचे. नकाशा नाही, सोबती नाही. आणि ज्याचा विशेष गवगवा झाला ती गोष्ट म्हणजे, ठार मारणारी बंदूकही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील एका शाळेत लहान मुलांवर जो गोळीबार झाला त्याच्याशी आपला हा निर्णय निगडित असल्याचे क्लीव्हलंड यांनी सांगितले आहे. एका साध्या सुरीखेरीज आणि जीवाला क्षणभर थिजविणाऱ्या एका यंत्राखेरीज प्राण्यांशी झुंजण्याचे साधन नायकापाशी जवळजवळ नाहीच. यावरून हा खेळ निसर्गस्नेही, अहिंसक, शोधाच्या आनंदाचा आहे, असे मत रूढ झाले आहे.

हे मत चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. हातातली बंदूक काढून घेतली म्हणजे माणसाचे सृष्टीशी असलेले नाते बदलतेच असे नव्हे. ते नाते कोणत्या शब्दांत मांडले आहे, हेही तपासावे लागते. आणि शब्द तपासू लागले की या खेळाचा खरा विषय समुद्र नसून हिशेब आहे, असे दिसू लागते. पाथर्डीसारख्या समुद्रापासून दूर आणि पाण्यापासूनही जवळपास तितक्याच दूर असलेल्या मुलखातील वाचकाला हे इतरांपेक्षा लवकर उमगण्याजोगे आहे. (खेळणाऱ्याला येथे ‘वाचक’ म्हटले आहे ते हेतुतः, या खेळात डोळ्यांना जितके पाहावे लागते त्याहून फारसे कमी वाचावे लागत नाही.)

प्रथम श्वासाविषयी. खेळाचे पहिले दोन तास हे त्यातील सर्वोत्तम होत. आरंभी नायकाचा श्वास पंचेचाळीस सेकंद पुरतो. तेवढ्यात खाली जावयाचे, काही हाती लागले तर घ्यावयाचे आणि वर यावयाचे. चुनखडीचा गोळा फोडला तर आत टायटॅनियम निघते, नाही तर तांबे. काय निघेल ते फोडल्यावाचून कळत नाही. तळाच्या वाळूत गारगोट्या विखुरलेल्या असतात, त्यांची काच होते. दोन आम्लधारी अळंब्या आणि तांब्याचा एक खडा यांतून विजेचा घट तयार होतो. चुनखडी, गारगोटी, अळंबी : परग्रहावरची ही संपत्ती गर्भगिरीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला नवी नाही. माळावर गारगोट्या घासून ठिणगी पाडण्याचा उद्योग ज्याने केला आहे त्याला येथे ओळखीचे काही भेटते, आणि हे ओळखीचे असणे खेळकर्त्यांच्या कल्पकतेचा दोष नसून गुण आहे. अद्भुताला आधार लागतो तो परिचिताचाच.

पडद्यावर खोली मीटरमध्ये दिसते. मोजली मात्र जाते ती श्वासाने. पन्नास मीटर हा आकडा नायकाला काही सांगत नाही. जाऊन येता येईल काय, एवढेच त्याला कळते. मराठीतील जुने माप येथे अधिक चपखल ठरते. विहिरीची खोली आपल्याकडे परसांत सांगत. परस म्हणजे पुरुषभर. मोजणाऱ्याचे शरीर हेच माप. सात परस विहीर म्हटली की सात माणसे एकावर एक उभी राहिलेली मनासमोर येतात, आणि त्या खोलीचे भयही त्यासरशी येते. मीटर हे कोणाच्याच देहाचे माप नाही. खेळाने आरंभी मीटर दाखवून परसाचा अनुभव दिला आहे. पुढे श्वासाची टाकी मिळते, मग मोठी टाकी मिळते. शंभर मीटरखाली श्वास अधिक वेगाने खर्च होतो, त्यावरही एक मुखवटा निघतो. मग लहान पाणबुडी, मग मोठी. प्रत्येक उपकरणाबरोबर माप देहापासून सुटत जाते आणि शेवटी आकडा उरतो. नऊशे मीटरांवर वावरणारा नायक पहिल्या दिवशीच्या नऊ मीटरांवरील नायकापेक्षा निश्चिंत असतो. येथे खेळाची पकड सैल होते, हे मान्य केले पाहिजे.

एका जागी मात्र ती शेवटपर्यंत टिकते. ग्रहाचा जो भाग खेळण्यासाठी उघडा आहे तो एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या मुखाचा. त्याच्या काठापलीकडे तळ एकदम नाहीसा होतो. खाली काही नाही, वेचावयास काही नाही, आणि त्या रितेपणात प्रचंड प्राणी फिरतात. ‘ठाव लागत नाही’ हा आपला वाक्प्रचार इतका वापरून गुळगुळीत झाला आहे की त्यातील पाणी आटून गेले आहे. या काठावर तो पुन्हा ओला होतो. माणसाच्या मनाचा ठाव, प्रश्नाचा ठाव, हे सारे लाक्षणिक अर्थ ज्या मूळ भीतीतून निघाले ती पायाखालचा तळ गेल्याची भीती आहे. विहिरीत पडलेली घागर गळाने निघत नाही तेव्हा जो बुडी मारतो त्याला ती ठाऊक असते.

दुसरी गोष्ट तहानेची. चहूकडे पाणी, आणि नायक तहानेने मरावयास टेकलेला. हा विरोधाभास दर्यावर्दी साहित्यात जुना आहे. खेळाने त्याला रोजच्या कामाचे रूप दिले. एक विशिष्ट मासा पकडून यंत्रात घातला की त्यातून पिण्याचे पाणी निघते. त्याच्या इंग्रजी नावात पिशवीचा निर्देश आहे. मराठीत त्याला ‘पखालमासा’ म्हणावे लागेल, आणि तसे म्हटले की बैलावर लादलेली चामड्याची पखाल आणि जिवंत मासा हे दोन्ही एकाच शब्दात येतात. दुसरा मार्ग मिठाचा आणि प्रवाळाचा : त्या दोहोंपासून निर्जंतुक करणारे द्रव्य करावयाचे आणि त्यातून पाणी. म्हणजे ज्या मिठाने समुद्र अपेय केला तेच मीठ पेय पाण्याच्या कामी येते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात ढिलाई आहे, कारण निर्जंतुक करणे आणि खारटपणा काढणे या दोन भिन्न क्रिया होत; परंतु खेळाच्या तर्कात ते खपून जाते.

योगायोग असा की हा खेळ पूर्णत्वाने प्रसिद्ध झाला ते २०१८ हे वर्ष पाथर्डी तालुक्याच्या स्मरणात दुष्काळाचे म्हणून आहे. पर्जन्यछायेच्या या पट्ट्यात २०१८-१९ च्या उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहिली गेली. टँकर ज्या विहिरीत रिता होतो त्या विहिरीच्या काठी जमलेल्या माणसाची तहान आणि रायली रॉबिन्सनची तहान यांची तुलना करणे कोणास क्रूर वाटेल. तरी एक भेद नोंदविण्याजोगा आहे. खेळातील तहान ही पडद्याच्या कोपऱ्यातील उतरणारा आकडा असते, आणि काही तासांनी पाणी गाळणारे यंत्र बसविले की ती प्रश्न म्हणून संपते. तहान ही तंत्राने सुटणारी अडचण आहे, असा खेळाचा गृहीत सिद्धान्त आहे. तहानेची वाटणी होते, एकाच जिल्ह्यात उत्तरेस पाटाचे पाणी वाहते आणि दक्षिणेस टँकर धावतो, ही गोष्ट खेळाच्या कल्पनेबाहेरची आहे. त्याच्या समुद्रात दुसरा तहानलेला माणूस नाही. सोबती नसण्याने खेळाला जे काव्य मिळाले त्याची ही किंमत आहे.

आता भाषेकडे. नायकाच्या हातातील टिपणवही खेळभर बोलत असते. एखादी वनस्पती वा प्राणी उपकरणाने न्याहाळला की तिच्यात त्याची नोंद उमटते : वर्ग कोणता, देहरचना कशी, वर्तन कसे, आणि शेवटी, माणसाच्या उपयोगाचा काय. या नोंदींचे गद्य उत्तम आहे. शासकीय अहवालाचा कोरडेपणा आणि निसर्गवैज्ञानिकाचे कुतूहल यांचे मिश्रण त्यात साधले आहे, आणि मधूनच एखादी शुष्क थट्टा. अतिभव्य प्राण्यांच्या टापूत नायक शिरतो तेव्हा ही वही तो जे करीत आहे ते करण्याजोगे आहे काय, असे त्यालाच विचारते; संपूर्ण खेळात याहून नेमका प्रश्न दुसरा नाही.

प्राण्यांच्या नावांत मात्र दोन थर दिसतात. काही नावे बोलीतल्यासारखी आहेत : मोठ्या डोळ्यांनी टकमका पाहणाऱ्या माशाला डोकावण्यावरून नाव, दबा धरून वावरणाऱ्याला दबा धरण्यावरून. कोळ्यांनी किंवा गुराख्यांनी दिली असती अशी ही नावे. दुसरा थर धर्मग्रंथातला : सर्वांत मोठ्या प्राण्यांच्या वर्गाला हिब्रू परंपरेतील समुद्रराक्षसाचे नाव दिले आहे. त्यांतील सर्वांत भयंकर तो ‘रीपर’. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ पीक कापणारा. यूरोपीय चित्रकलेत मृत्यूच्या हाती कापणीचे पाते असते, त्यावरून त्याला भीतिदायक छाया आली. मराठीत यमाच्या हाती पाश आहे, विळा नाही. विळा आणि कोयता ही आपल्याकडे राबणाऱ्यांची आयुधे. म्हणून इंग्रजीतून खेळणाऱ्या मराठी मुलाला ‘रीपर’ या नावाचा अर्थ सांगितला तर तो भ्यावयाच्या ऐवजी गोंधळात पडण्याचा संभव अधिक : कापणी करणाऱ्याला का भ्यावे?

या गोंधळातच प्रस्तुत विवेचनाचा गाभा आहे. खेळात जी मूळ क्रिया आहे तिला सरसकट एकच नाव आहे : साधनसंपत्ती गोळा करणे. ‘साधनसंपत्ती’ हा शब्द, आणि हल्ली त्याच्या जागी रुळलेला ‘संसाधन’ हा शब्द, दोन्ही प्रशासनाच्या आणि अर्थशास्त्राच्या गरजेतून आले. गारगोटी ही गारगोटी असते. तिला संसाधन म्हटले की ती कोणाच्या तरी कामाची झाली, आणि कोणाच्या, हे मात्र शब्दाने सांगितले नाही. योस्ट ट्रीअर या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये अर्थक्षेत्राची कल्पना मांडली. तिचा आशय असा की शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारच्या शब्दांनी सीमित होतो, आणि एक शब्द कमी असला की शेजाऱ्यांना त्याचे क्षेत्र व्यापावे लागते. खेळाच्या इंग्रजीत गोळा करण्याच्या क्षेत्रात एकच शब्द ऐसपैस पसरला आहे. मराठीत त्या क्षेत्रात दाटी आहे. फुले वेचतात किंवा खुडतात, शेंगा तोडतात, कंद खणतात, गाळ उपसतात, मध काढतात, लाकडे गोळा करतात, आणि सांडलेले दाणे टिपतात. हातांची हालचाल निराळी, म्हणून शब्द निराळा. परंतु तेवढेच नव्हे. वेचण्यात वस्तू आधीच सुटी झालेली असते. तोडण्यात ती तोडणाऱ्याने सुटी करावयाची असते. उपसण्यात तळ बदलतो.

या क्रियापदांनी खेळ पुन्हा पाहिला की त्यात एक क्रम आढळतो. आरंभी नायक वेचतो : यानाचे विखुरलेले भंगार, सुटे खडे, तरंगणाऱ्या पेट्या. मग तो तोडू-फोडू लागतो : चुनखडीचे, वालुकाश्माचे गोळे, वेलींच्या बियांचे घोस. अखेरीस त्याच्या यांत्रिक चिलखताला छिद्रक भुजा बसते आणि तो समुद्रतळातील मोठमोठे साठे पोखरू लागतो. टिपणवहीच्या लेखी या तिन्ही क्रिया एक आहेत. पिशवीत किती आले, एवढेच ती पाहते. भाषा बदलत नाही म्हणून आपण बदललो हे नायकाला कळत नाही, आणि बहुतेक खेळणाऱ्यांनाही कळत नाही. बंदूक नसण्यावर संतुष्ट झालेल्या समीक्षकांनी या छिद्रक भुजेकडे पाहिलेले दिसत नाही.

पहिल्या टप्प्याला मराठीत एक जुना, देखणा शब्द आहे : सरवा. पीक काढून झाल्यावर शेतात मागे राहिलेली कणसे, शेंगा वेचतात, तो सरवा. ज्याचे शेत नाही त्यानेही तो वेचावा, अशी रीत. सरव्यात चोरी नाही आणि मजुरीही नाही. दोहोंच्या मधली ती एक सामाजिक जागा आहे. कोसळलेल्या यानाचे भंगार वेचणारा रायली हा सरवा वेचणारा आहे. मालक मेला वा दूर गेला, मागे जे राहिले ते वाचलेल्याचे, असे तो समजतो आणि खेळणाराही समजतो. भंगाराच्या तुकड्यांवर जीव असलेला एक हिंस्र प्राणीही तेथे आहे. तो धातूचे तुकडे तोंडात धरून हिंडतो, त्यात त्याचे दात पडतात आणि ते दातही नायक वेचतो. सरवा वेचणाऱ्याचाही सरवा होतो. खेळातील हा तपशील फार मौजेचा आहे.

परंतु हा समज खरा नाही. खेळाच्या ओघात एकदा टिपणवही नायकाला बजावते की येथे मिळविलेली सर्व द्रव्ये अल्टेराच्या मालकीची असून त्यांची बाजारभावाने भरपाई करावी लागेल, आणि देणे तूर्त तीस लक्ष झाले आहे. बहुतेक जण येथे हसतात. निर्मनुष्य ग्रहावर मृत्यूशी झुंजणाऱ्याला कंपनी बिल पाठविते, हा विनोद उघड आहे. खेळाच्या अगदी शेवटी, नायक स्वतः घडविलेल्या अग्निबाणातून ग्रह सोडून घरी पोचत असता, त्याला कळविले जाते की एक लक्ष कोटींचे देणे चुकते केल्यावाचून त्याला उतरता येणार नाही. तेथे पडदा पडतो.

हा विनोद पाथर्डीत कसा वाचला जाईल? या तालुक्यातून आणि त्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतली जाते. तिला ‘उचल’ म्हणतात. नवरा-बायको मिळून जी तोडीची जोडी होते तिला ‘कोयता’ म्हणतात : दोन माणसे आणि एक हत्यार यांची मिळून एक मोजणी, तीही हत्याराच्या नावाने. मजुरी टनावर, आणि ती उचलीतून वळती होते. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या साली. येथे ‘फिटणे’ आणि ‘फेडणे’ या जोडीकडे लक्ष द्यावे. माणूस कर्ज फेडतो, हे सकर्मक. पण बोलण्यात अधिक येते ते ‘उचल फिटली’ किंवा ‘फिटली नाही’, म्हणजे जणू ती आपल्या मर्जीने फिटते, फेडणाऱ्याचे कर्तेपण व्याकरणातूनच गळून गेलेले.

‘उचल’ हे ‘उचलणे’ या धातूपासून झालेले नाम. पैसा उचलला, म्हणून उचल. आता खेळातील ती मूळ, हजारो वेळा घडणारी क्रिया आठवावी : नायक हात पुढे करतो आणि तळावरचा खडा उचलतो. अल्टेराच्या हिशेबात प्रत्येक उचलणे ही उचल आहे. जे आपण सरवा म्हणून वेचले ते आपल्या नावावर उचल म्हणून मांडले जात होते, ही गोष्ट इंग्रजी वाचकाला शेवटच्या थट्टेतून कळते. मराठी वाचकाच्या भाषेत ती क्रियापदातच बसलेली आहे. खेळाच्या रचनेतील सर्वांत कठोर विचार असा एका मराठी श्लेषात सापडावा, हे श्लेषाला कमी लेखणाऱ्यांनी ध्यानी घेण्याजोगे आहे.

यावर आक्षेप येऊ शकतो की हे खेळावर बाहेरून लादलेले आहे. खेळकर्त्यांना ऊसतोड ठाऊक नाही. ती ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. कंपनीच्या दुकानातून उधारीने जगणारा आणि जन्मभर त्या उधारीत अडकलेला खाणकामगार अमेरिकेच्या इतिहासात आहे, आणि अल्टेराचा उपहास त्या परंपरेतला आहे. आक्षेपाची दुसरी बाजू अधिक वजनदार. रायली एकटा आहे, त्याचे कर्ज अवास्तव आहे, खेळ संपताच ते नाहीसे होते. उचलीत अडकलेल्या कुटुंबाची मुले हंगामात शाळेबाहेर राहतात, आणि पडदा पडून ती सुटत नाहीत. म्हणून खेळाने हा विषय थट्टेवारी नेला, हा त्याचा दोष मानावा लागतो. मात्र त्याच कर्त्यांच्या २०२१ मधील ‘बिलो झीरो’ या उत्तरकृतीत अल्टेराला उघड प्रतिपक्ष केले आहे, नायिका आपल्या बहिणीच्या मृत्यूचा जाब शोधीत हिंडते, संवाद पुष्कळ आहेत; आणि तरीही पहिल्या खेळातील त्या एका हिशेबी वाक्याची धार तेथे नाही. आरोप मोठ्याने केला की तो ऐकून घेता येतो. बिल हाती पडले की ते वाचावेच लागते.

खेळात तिसऱ्या प्रकारची एक वेचणी आहे, आणि तिच्यामुळे हा सगळा व्यवहार केवळ कर्जाचा राहत नाही. ग्रहावर एक रोग पसरलेला आहे. नायकालाही तो जडतो. त्यावरचा उतारा समुद्राच्या अतिखोल भागात कोंडलेल्या एका महाकाय, वृद्ध मादीच्या पिलांपाशी आहे. संपूर्ण खेळात स्वतःच्या वाणीने नायकाशी बोलणारा हा एकच प्राणी. तिचे बोलणे शब्दांवाचून, थेट मनात उतरणारे. तिची अंडी उबविण्यासाठी लागणारे द्रव्य वनस्पतींच्या नमुन्यांतून तयार होते, आणि ते नमुने नायक वेचून आणतो. पिले बाहेर येतात, त्यांच्याकडून त्याला उतारा मिळतो. येथे वेचणे प्रथमच दुसऱ्यासाठी आहे, आणि टिपणवहीच्या गद्यापाशी या व्यवहाराला नाव नाही. मराठीत आहे : सावड. आज याच्या शेतात त्याने राबावे, उद्या त्याच्या शेतात याने. पैशाचा संबंध नाही, आणि वहीत मांडावयाचेही काही नाही. अर्थात् येथील सावड पुरी होत नाही. पिले मोकळी होतात तशी ती मादी मरते. रायलीला परत राबावयास तिचे शेत उरत नाही. सावडीचे देणे अंगावर राहिले तर ते उचलीसारखे फिटत नाही वा वळतेही होत नाही, आणि हे खेळाने न बोलता दाखविले आहे. या प्रसंगातील संयम वाखाणण्यासारखा आहे.

राहिला निघण्याचा प्रसंग. अग्निबाण उडविण्यापूर्वी नायकाला एक पेटी भरून मागे ठेवता येते. तीत काही वस्तू, एक चित्र आणि चार शब्द ठेवावयाचे. हे कथेपुरते नाही; त्या पेट्यांपैकी काही इतर खेळणाऱ्यांच्या समुद्रात खरोखरीच उगवतात आणि कोणा अनोळखी माणसाला तळाशी सापडतात. कोणी तीत विजेचे घट ठेवतात, कोणी पिण्याचे पाणी. ज्याने वेचले त्याने वेचणाऱ्यासाठी मागे ठेवावयाचे, आणि शेत अगदी झाडून न्यावयाचे नाही, ही सरव्याचीच रीत. अल्टेराच्या हिशेबात त्या पेटीतील पाण्याचीही किंमत लागलेली असणार. ती भरणारा रायली तोवर ग्रहाच्या वातावरणाबाहेर गेलेला असतो, आणि एक लक्ष कोटींचा आकडा त्याला अजून ऐकावयाचा असतो.